इंजिनवर तळहात

१

जुनी डिझेल गाडी विकत घ्यायला निघालेला माणूस सगळ्यात आधी टायरला लाथ मारतो. का मारतो, ते त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. टायर काय ओरडून सांगणार आहे, की बाबा रे, इंजिन गेलंय? मग तो दार उघडून-लावून बघतो, सीटवर बसून दोन उड्या मारतो, गाणी लावून बघतो आणि "छान वाटतेय हो" म्हणून दात काढतो. असल्या माणसांना कुणी फसवलं तर त्यात विकणाऱ्याचा काय दोष, असं नाकमुरडेचं स्पष्ट मत होतं.

नाकमुरडे हे अर्थातच त्याचं आडनाव नव्हे. जुन्या गाड्यांच्या बाजारात सगळे त्याला तसं म्हणत, अगदी तोंडावर म्हणत, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नसे. लोकांसाठी जुन्या गाड्या तपासून देणं हा त्याचा धंदा. जवळपास प्रत्येक गाडीला तो नाक मुरडायचा आणि क्वचित एखाद्या गाडीपुढे नुसता गप्प बसायचा. तो गप्प बसला की गिऱ्हाइकानं समजायचं, गाडी पास. "चांगली आहे" हे शब्द त्याच्या तोंडून गाडीबद्दल कुणी ऐकले नव्हते, माणसाबद्दल तर सोडाच.

त्याची पद्धत ठरलेली होती. विकणाऱ्याला आदल्या दिवशी फोन करून दम भरायचा, "मी येईपर्यंत इंजिन चालू करायचं नाही." गेल्यावर नमस्कार-चमत्काराच्या आधी बोनेट उघडायचं आणि इंजिनवर तळहात टेकायचा. गार लागलं तर पुढचं बोलणं. डिझेल इंजिन म्हातारं झालं की त्याची दुखणी गार असतानाच कळतात. चालू व्हायला कुरकुरतं, खडखडतं, धूर ओकतं. एकदा तापलं की तेच इंजिन शहाण्या पोरासारखं वागतं. म्हणून लबाड लोक गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी अर्धा तास चालवून ठेवतात आणि वर शपथा घेतात. त्या शपथा ऐकताना नाकमुरडेला मनापासून मजा यायची.

साऱ्या जगात एकाच माणसापुढे त्याचं नाक, निदान मनातल्या मनात, जागेवर असायचं. ती म्हणजे त्याची धाकटी बहीण, छोटी. आई-वडील लवकर गेले, तेव्हापासून त्यानंच तिला वाढवलेलं. आता ती चाळिशीला आलेली नर्स होती, तरी छोटीच. तिला नवी नोकरी लागली होती. गावाबाहेरच्या डोंगरवस्त्यांत घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेले पेशंट बघायचे. अट एकच, गाडी स्वतःची पाहिजे. जुनी नोकरी तिनं सोडून दिली होती आणि पहिल्या तारखेला गाडी दारात नसली तर जागा दुसरीला जाणार होती. आणि नाकमुरडे महाशय एकेक गाडी नापास करत सुटले होते.

"दादा, आता जी मिळेल ती घेऊया रे," ती काकुळतीला येऊन म्हणाली. "मला काय शर्यतीत पळवायचीय?"

"तुला काय कळतंय?" तो म्हणाला. "घाटात बंद पडलीस तर ढकलायला मी येणारेय का?"

यायला लागलं असतं तर तो आलाच असता, हे दोघांनाही माहीत होतं.

२

जाहिरातीतली ती गाडी एका निवृत्त नकाशेवाल्याची होती. इमारतींचे नकाशे काढण्यात ज्याचा जन्म गेला, असा किडकिडीत म्हातारा. घर कसं आखीवरेखीव, पायपुसणंसुद्धा काटकोनात ठेवलेलं. असली टापटीप बघितली की नाकमुरडेला हटकून संशय यायचा. घराच्या मागच्या बाजूला विटांचं गॅरेज, आत गडद हिरवी, लांबलचक, जुन्या घडणीची डिझेल गाडी.

"इंजिन गरम लागेल," म्हाताऱ्यानं आधीच सांगून टाकलं. "पण मी चालू केलेलं नाही."

"हो का?" नाकमुरडे म्हणाला आणि बोनेट उघडून त्यानं हात टेकला.

गरम होतं. चटका बसण्याइतकं नाही, पण नुकतीच लांबून येऊन थांबलेली गाडी असावी, तसं.

"वा, काका," तो म्हणाला. "या वयातही एवढी हौस."

म्हाताऱ्यानं गॅरेजच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे गाडीची बॅटरी काढून ठेवली होती, तिच्यावर धूळ होती. "गेला उन्हाळाभर ती तिथेच आहे. गाडी थंड होत नाही. म्हणून तर विकतोय."

नाकमुरडेला हसूच आलं. असला अजब थापाड्या त्याला उभ्या आयुष्यात भेटला नव्हता. सगळे जण दोष लपवतात, हा दोष सांगतो, तोही असा की लहान मूलसुद्धा विश्वास ठेवणार नाही. बॅटरी काय, दुसरी आणून लावता येते, काम झालं की काढता येते. धूळ काय, मूठभर उडवली की झालं. एवढा खटाटोप केलाय म्हणजे आत मोठंच दुखणं असणार, असं म्हणून तो बाह्या सरसावून कामाला लागला.

पण दुखणं सापडेना. त्यानं गाडीखाली झोपून बघितलं, गंज नाही, कुठे वेल्डिंगचं ठिगळ नाही. पत्र्यावर लोहचुंबक फिरवलं, कुठेही लांबी भरून पोचा लपवलेला नाही. ऑइल काळं होतं, ते डिझेलमध्ये असायचंच. पाण्याच्या टाकीत तेलाचा तवंग नाही. बॅटरी लावून किल्ली फिरवली, इंजिन एका झटक्यात चालू झालं. धूर नाही. ऑइलचं झाकण काढून त्यानं तोंडावर उलटं ठेवलं. इंजिन आतून झिजलेलं असलं की ते झाकण थाडथाड उडतं. हे जागचं हललं नाही. त्यानं गल्लीतून एक चक्कर मारली. क्लच मऊ, गिअर लोण्यासारखे.

गाडीतून उतरताना त्याला एवढंच जाणवलं, की आपल्याला काहीही बोलायला सुचत नाहीये. तो गप्प उभा राहिला. मग बाजूला जाऊन त्यानं छोटीला फोन लावला.

"घेतलीस तरी चालेल."

पलीकडे छोटी किंचाळलीच. "दादा! खरंच? तू पास केलीस?"

"एवढं नाचायला नको. आणि एक सांगतो, म्हातारा एक नंबरचा लबाड आहे. गाडीबद्दल काहीबाही सांगेल. कानाआड करायचं. भाव मी पाडतो."

"तू म्हणशील तसं," ती म्हणाली. तिचा आवाज आनंदानं चिरकत होता.

३

आता खरं म्हणजे काम संपलं होतं. पण कुणीतरी आपल्याला उल्लू बनवतंय, ही गोष्ट नाकमुरडेच्या घशाखाली उतरेना. म्हाताऱ्याची लबाडी त्याच्या तोंडावर आपटल्याशिवाय त्याला जेवण गेलं नसतं. त्यानं बॅटरी उचलून स्वतःच्या गाडीत टाकली, किल्ली खिशात घातली आणि गॅरेजला स्वतःचं कुलूप लावलं. असलं कुलूप तो कायम जवळ बाळगायचा, कारण माणसांवर त्याचा विश्वास नव्हता.

"उद्या सकाळी येतो," तो म्हणाला. "मग बघू कशी थंड होत नाही ते."

"बघा," म्हातारा म्हणाला. त्याचा स्वर अगदी नको इतका मवाळ होता.

दुसऱ्या दिवशी नाकमुरडे कपाळाला आठ्या न घालता उठला. त्याच्या दृष्टीनं हा सणच होता. उन्हं वर आली होती, म्हातारा दाराशी उभा होता, त्याची बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. नाकमुरडेनं आपलं कुलूप तपासलं. कुणी हात लावला नव्हता. त्यानं दार उघडलं, बोनेट उघडलं आणि झोकात हात टेकला.

त्यानं हात उचलला. पुन्हा टेकला. मग उलटा करून मागच्या बाजूनं टेकला, आई मुलाचा ताप बघते तसा.

गरम होतं. कालच्यापेक्षा थोडं जास्तच.

छप्पर तापलं असेल, म्हणावं तर छप्पर सिमेंटचं आणि आत गारवा. दुसरं दार नाही. वर एक झरोका, त्यातून मांजर जाईल, बॅटरी जाणार नाही. जमिनीवर बारीक धूळ, तिच्यावर कालचे त्याच्याच बुटांचे ठसे. तरी तो हटला नाही. दारच बिजागऱ्यांतून काढलं असेल, असं म्हणून त्यानं बिजागऱ्या बघितल्या. त्यांच्यावर जुना रंग बसलेला होता.

मग तो गाडीत बसायला गेला आणि गुडघा स्टिअरिंगवर आदळला.

काल त्यानं सीट पार मागे सारली होती. त्याचे पाय लांब, त्याला दुसरं जमतच नसे. आता सीट पुढे ओढलेली होती, पाक पुढे, एखाद्या बुटक्या माणसाला पेडलपर्यंत पाय पोचवायला लागावी तेवढी. आरसाही जागचा हलला होता. त्यात मागची काच दिसत नव्हती, मागची सीट दिसत होती.

"काय केलंत तुम्ही?" तो बाहेर येऊन ओरडला.

"मी काही करत नाही हो," म्हातारा म्हणाला. "गाडी थंड होत नाही, आरसा आपोआप फिरतो, ज्याच्याकडून घेतली त्यानंही मला हेच सांगितलं होतं. मी त्याला हसलो होतो."

"अहो, मूर्ख समजता का मला?"

खिडकीतून म्हातारी म्हणाली, "राहू दे, त्यांना घाई आहे. आपल्यालाही होती तेव्हा."

या बाईचं बोलणं तर त्याला अजिबात आवडलं नाही. दोघं नवराबायको सामील आहेत, एवढं त्यानं मनाशी पक्कं केलं. कसं केलं ते मात्र त्याला सांगता आलं नसतं, आणि त्या विचाराशी तो मुद्दामच थांबला नाही.

४

त्याच्याकडे एक लांब स्क्रूड्रायव्हर होता. चालू इंजिनवर त्याचं टोक टेकवायचं आणि मूठ कानाच्या हाडाला लावायची. आत कुठला इंजेक्टर ठोकतोय, कुठलं बेअरिंग कुरकुरतंय, सगळं कानात येतं. चाळीस वर्षं त्यानं असं ऐकलं होतं. डॉक्टरांची नळी याच्यापुढे खेळणं आहे, असं तो म्हणायचा.

बंद इंजिनला कुणी तो लावत नाही. लावण्यात अर्थच नाही. त्यानं लावला, कारण म्हाताऱ्यानं आत काहीतरी तापतं ठेवलं असेल, एखादी विजेची कांडी वगैरे, तर तिची गुणगुण ऐकू येईल असं त्याला वाटलं.

गुणगुण नव्हती. आत इंजिन चालू होतं.

बाहेर चिमणीचा आवाज नाही, हाताला थरथर नाही. बॅटरी त्याच्या स्वतःच्या गाडीत, रस्त्यावर. आणि कानात, खूप लांबून यावं तसं, हेच इंजिन चाललेलं. उभं राहून नव्हे, धावत. गाडी चढावर होती. आवाज जड होत गेला, गिअर पडला, पुन्हा मोकळा झाला. वळण आलं असावं. पुन्हा गिअर.

त्यानं स्क्रूड्रायव्हर खाली घेतला. गॅरेजमध्ये चिटपाखरू नव्हतं. कानात रक्ताचा आवाज होतो कधी कधी, तो स्वतःशीच म्हणाला. वय झालं. जवळून मोठा रस्ता जातो, जमिनीतून धमक येते. तो तरातरा बाहेर गेला, स्वतःच्या गाडीचं बोनेट उघडलं, तिथे स्क्रूड्रायव्हर लावला. काही नाही. लोखंड मुकं होतं, तसं ते असायला पाहिजे. त्याला बरं वाटलं आणि पाठोपाठ ध्यानात आलं, मग ते दुसरं लोखंड मुकं नव्हतं.

तो परत आत गेला. जायला नको होतं, हे त्यालाही कळत होतं.

या वेळी त्यानं नीट ऐकलं. गाडी अजून चढतच होती. आणि चालवणाऱ्याला एक वाईट खोड होती. गिअर टाकल्यावर क्लचवरचा पाय पुरता निघत नव्हता. पाय तिथेच रेंगाळायचा, इंजिन उगाच किंचाळायचं आणि मग गाडी झटका खाऊन पुढे जायची. हस्ताक्षर ओळखावं तसा त्याला माणसाचा पाय ओळखता येत असे. हा पाय त्यानं स्वतः शिकवलेला होता. मोकळ्या मैदानात, कितीतरी संध्याकाळी, "क्लचवरून पाय काढ, गाढवा!" म्हणून घसा बसेपर्यंत ओरडून शिकवलेला. ती खोड तेवढी गेली नव्हती.

मग छोटीचा आवाज आला.

शब्द कळत नव्हते. पण ती पेशंटशी बोलते तशी बोलत होती, लाडीगोडीनं, मधूनच थांबून. उत्तर ऐकायला थांबावं, तशी. मध्ये उत्तर काही येत नव्हतं. निदान लोखंडातून येत नव्हतं. ती पुन्हा काहीतरी विचारायची, थांबायची, हसायची. असं तीन-चारदा झालं. मग तिनं काहीतरी विचारलं, थांबली, आणि हसली नाही.

त्यानंतर तिचा आवाज आला नाही. इंजिन चढतच राहिलं.

म्हातारा दारात उभा होता. "ऐकलंत?" त्यानं विचारलं.

"काय ऐकायचंय?" नाकमुरडे खेकसला. त्यानं किल्ली फळीवर फेकली, रस्त्यावरून बॅटरी आणून तिच्याशेजारी आदळली. "भंगार आहे सगळं. भंगार!"

५

छोटीच्या घरी तो पोचला तेव्हा ती जमिनीवर बसून औषधांची पेटी लावत होती. नव्या कोऱ्या पट्ट्या, कात्र्या, रक्तदाबाचं यंत्र. चेहरा असा उजळलेला, की त्याला बघवेना.

"ती गाडी घ्यायची नाही," तो म्हणाला.

ती हसली. तिला वाटलं भावाची घासाघीस चाललीय. "अजून किती पाडणार भाव? पुरे आता, दादा. बिचारा म्हातारा."

"घ्यायची नाही म्हणजे नाही. इंजिन गेलंय."

"काल तर पास होतं."

"काल नीट बघितलं नव्हतं."

छोटीच्या हातातली कात्री थांबली. "तू? तू नीट बघितलं नव्हतंस?"

खरं सांगायला त्याची जीभ वळवळत होती. पण सांगणार काय? बंद इंजिनात तुझा आवाज ऐकला? असं दुसरं कुणी त्याला सांगितलं असतं, तर त्यानं त्या माणसाची बाजारभर टर उडवली असती. त्याला उभा जन्म फक्त दोष सांगता आले होते. मग तो दोषच सांगत सुटला. टर्बो शिट्टी मारतो. इंजेक्टर गळतात. खालून गंज आहे. चासी वाकलेली आहे. सगळं खोटं, आणि आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत असल्यामुळे इतकं वाईट की तिनं मध्येच हात वर केला.

"खरं कारण सांग."

"तुला चालवता येत नाही, हे खरं कारण," तो ओरडला. "घाटात जाणारेय म्हणे! अजून क्लचवरचा पाय निघत नाही तुझा. गप घरी बस. जीव जाईल तुझा."

मग तिनं कात्री पेटीत ठेवली.

"मला परीक्षेत पहिला नंबर मिळाला, तेव्हा तू म्हणालास, बाकीच्या ढ असतील. लग्न ठरत होतं, तेव्हा मुलाला नाक मुरडलंस, म्हणालास दात पुढे आहेत. नोकरी लागली तर म्हणालास, ही कसली नोकरी. दादा, एकदा, आयुष्यात एकदा तू कशाला चांगलं म्हणालायस? काल 'चालेल' म्हणालास ना, मला रडू आलं. तेही तुला चोवीस तास ठेवता आलं नाही."

"छोटे, ऐक माझं—"

"नाही ऐकणार," ती म्हणाली. "जा तू."

तिनं दार लावून घेतलं तेव्हा आपटलं नाही. आपटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

६

मग त्यानं ठरवलं, गाडी आपणच घ्यायची आणि घेऊन थेट भंगारात घालायची. हे आधीच सुचायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळभर तो स्वतःशीच वाद घालत बसला. ऐकलं ते खरं की कान गेले? एवढा शहाणा माणूस, एका नकाशेवाल्याच्या गॅरेजमध्ये भुतंखेतं ऐकतो? त्याला स्वतःची शिसारी आली. त्या शिसारीपायी जेवणवेळ टळून गेली.

तो गेला तेव्हा गॅरेज उघडं होतं आणि आत काही नव्हतं. जमिनीवर चार टायरांच्या जागा तेवढ्या स्वच्छ होत्या. म्हातारा खराट्यानं फरशी झाडत होता.

"तुमची बहीण सकाळीच घेऊन गेली," तो म्हणाला. "बरोबर दुसरा मेकॅनिक आणला होता. कागदपत्रं, सह्या, सगळं झालं."

"तिला सांगितलंत का नाही?" नाकमुरडेनं त्याची बाही धरली. "मला सांगितलंत ना? मग तिला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. जेवढं तुम्हाला सांगितलं तेवढंच. गाडी थंड होत नाही म्हटलं, आरसा फिरतो म्हटलं. हात धरून सांगितलं." म्हाताऱ्यानं खराटा भिंतीला टेकवला. "ती गोड हसली. म्हणाली, काका, दादा बोललाय मला, तुम्ही काहीबाही सांगाल म्हणून."

नाकमुरडेच्या हातातून बाही सुटली.

"तुम्ही विकलीतच का?" तो म्हणाला.

"तुम्ही कालच नेली असतीत तर हे विचारलं असतंत का?" म्हातारा म्हणाला, आणि त्याच्या मवाळ तोंडावर पहिल्यांदाच नाकमुरडेला ओळखीचं काहीतरी दिसलं. तो स्वतः लोकांकडे बघताना कसा बघत असेल, ते. "आमची सुटका झाली. आम्ही दोघं आज दुपारी पहिल्यांदा घरात दार उघडं टाकून झोपलो. मला तुमच्यासाठी वाईट वाटावं, अशी तुमची अपेक्षा असेल तर ते मात्र जमणार नाही."

हा माणूस पहिल्यापासून अक्षरन् अक्षर खरं बोलत होता. त्याला लबाड ठरवलं होतं ते आपण. तिच्या कानांना बोळे घातले तेही आपणच. हे नाकमुरडेला तिथे, रिकाम्या गॅरेजमध्ये उभ्या उभ्या कळलं.

७

पहिल्या तारखेची सकाळ छान उघडी होती. छोटीच्या इमारतीखाली हिरवी गाडी धुऊन-पुसून उभी होती. छोटी चालवायला बसली होती, सीट पाक पुढे ओढलेली. शेजारच्या सीटवर औषधांची पेटी, त्यावर यंत्र, त्यावर डबा, पाण्याची बाटली. मागची सीट रिकामी होती. नाकमुरडेनं कोपऱ्यावरूनच दोनदा खात्री करून घेतली.

आदल्या दिवशी दिवसभर त्यानं तिला फोन लावले होते. तिनं उचलले नव्हते. दार वाजवलं होतं, तिनं उघडलं नव्हतं. शेवटी त्यानं एकच गोष्ट ठरवली होती आणि ती ठरवल्यावर त्याला चक्क झोप लागली होती. वाद मिटला होता. कान खरे की खोटे, याच्याशी आता त्याला कर्तव्य नव्हतं. ती आरशातून मागे बघून बोलणार असेल तर मागे कुणीतरी असणारच. मग ते आपण असलेलं काय वाईट? निदान तिनं विचारलं तर उत्तर देणारं माणूस असेल.

तो गाडीपाशी गेला. तिनं काच खाली केली, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

"भांडायला आला असशील तर मला उशीर होतोय."

"नाही," तो म्हणाला. "येतो मी बरोबर."

"कशाला? क्लच बघायला?"

"असंच. घाटातली हवा खायला."

तिनं आता त्याच्याकडे बघितलं. दादा आणि हवा खायला, हे तिला पटणं शक्य नव्हतं. पण त्यानं दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि गाडीला अजून एकदाही नावं ठेवली नव्हती. ती विरघळली. शेवटी त्यानंच वाढवलेली ना ती.

"थांब, पेटी मागे टाकते. पुढे बस."

"नको, नको," तो घाईनं म्हणाला. "मागे काही टाकू नकोस. मी बसतो मागे."

बोनेटवर हात ठेवावासा त्याला वाटला नाही. त्यानं मागचं दार उघडलं. गादी रिकामी, स्वच्छ, उन्हात तापल्यासारखी. उन्हानं म्हणावी तर गाडी अजून सावलीत होती. तो वाकला, पाय आत घेतले आणि बसला. दार ओढून घेतलं.

त्याच्याखालची गादी दबली. आणि शेजारची, जिच्यावर कुणी नव्हतं, ती हळूच वर आली. मग दाराकडची कड दबली. बसमध्ये एखादं भलं माणूस सरकून जागा देतं ना, अगदी तसं. त्याच्या डाव्या मांडीला कुणाच्या तरी मांडीची ऊब लागली.

त्यानं तिकडे बघितलं नाही. मान ताठ धरून तो छोटीच्या केसांकडे बघत राहिला. लहानपणी तिची वेणी त्याला कधी धड घालता यायची नाही, नेहमी वाकडी व्हायची. ते त्याला आत्ता आठवलं.

"बसलास नीट?" छोटीनं विचारलं. "जागा आहे ना?"

"आहे," तो म्हणाला. मग त्यानं घसा खाकरला. "छोटे, गाडी चांगली आहे. तू चांगली निवडलीस. आणि तू चालवतेसही चांगली."

किल्लीवरचा तिचा हात तसाच राहिला. तिचे खांदे हलले, आणि डोळे पुसत, आनंदानं, ती त्याच्याकडे बघायला मागे वळू लागली.

"पुढे बघ!" तो गरजला. "मागे वळायचं नाही. मी आहे ना मागे. तू रस्त्याकडे बघ आणि चल."

"बरं बाई," छोटी नाक ओढत म्हणाली आणि तिनं गाडी गिअरमध्ये टाकली. गाडी झटका खाऊन निघाली. तो काहीच बोलला नाही.